लांडीचं मागचं झाकण

प्रिय गोदे,

उद्या सकाळी मी लांडीच्या गिअरबॉक्सचं मागचं झाकण उघडणार आहे. तुझ्या हातानं लावलेलं. उघडायच्या आधी तुला विचारावं असं वाटलं, आणि विचारायची दुसरी सोय तरी काय उरलीय? म्हणून हे पत्र.

गॅरेज आज बंद ठेवलंय. शटर अर्धं खाली ओढलंय, म्हणजे उजेड आत येतो आणि गिऱ्हाईक येत नाही. वैशाखातली परभणी तुला सांगायला नको. पत्रा तापलाय, पंखा गरम हवा इकडची तिकडं करतोय, आणि मी तुझ्या लोखंडी टेबलावर सर्व्हिस कार्डांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे. तूच म्हणायचीस ना, "अण्णा, तुमचं अक्षर म्हंजी वाळूतून सरडा गेल्यावानी"?

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. तुझा आवाज मला ऐकू येतो.

बोलण्याचा नव्हे, पान्याचा. बोल्ट आवळून झाला की तू पान्यानं त्याच्या डोक्यावर दोनदा वाजवायचीस. टक-टक. मग बारीक ब्रशनं पिवळा ठिपका. तो ठिपका दिसला की समजायचं, हा बोल्ट पक्का झाला, आता याला कुणी हात लावायचा नाही. तू गेल्यापासून ते टक-टक येतंय. रोज नाही. दुपारी, रस्ता सुनसान झाला की.

तुला वाटेल अण्णाचं डोकं फिरलं. अगं, पत्र्याचा आवाज मला कळतो, तो 'टण' असतो आणि एकटा असतो. गार होणारा सायलेन्सर टिकटिकत हळूहळू विझत जातो. घूस पेटीमागं खुडबुडते तीही कळते. हा आवाज दोनदाच येतो आणि थांबतो, जसं कुणी ठिपका द्यायला ब्रश उचललाय. आणि येतो लांडीच्या मागच्या अंगानं. चार-पाच वेळा मी जाऊन कान लावला. लोखंड गार. काही नाही.

माझे कान मेंढरांनी घडवलेत, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. पिंगळीच्या शिवारात आज्याबरोबर मेंढरं राखताना डोळे मिटून सांगायचो, कोणती लंगडायलीय, कुणाच्या छातीत कफ झालाय. घंटी सगळं सांगते. पुढं मेंढरं गेली, इंजिनं आली, पण काम तेच राहिलं. गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आधी मी चहाचा घोट घेत सांगायचो, तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट सैल आहे. लोक लांबून येऊन गाडी चालू ठेवून नुसते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि अशा माणसाला तू कामाला लावलंस! इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आलीस आणि पहिल्याच दिवशी माझा जुना शर्ट घालून गाडीखाली शिरलीस. एकानं विचारलं, "मालक कुठं हाय?" तर खालून म्हणालीस, "मालक चहा प्यायलाय. काम काय ते मला सांगा." तो बिचारा खाली वाकून वाकून बघायला लागला. मी चहा सांडला हसताना. आठवतं का?

मग पुण्याहून तुझं ते किट आलं. मोजून कापलेल्या नळ्या, प्रत्येकीवर नंबर. मला वाटलं लग्नाच्या मांडवाचं सामान आलं. तू म्हणालीस, ही गाडी हाय. तू नळ्या जोडत गेलीस तसा मधल्या मोकळ्या जागेत एक पिंजरा उभा राहिला. गंगाखेडचा एक ऊसवाला ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आला होता. त्यानं पिंजऱ्याला चक्कर मारली, गंभीर तोंड करून विचारलं, "ताई, याच्यात ऊस किती टन बसंल?"

"टनात न्हाई मामा," तू म्हणालीस, "एकच कांडकं बसंल. आन ते मी."

आणि ती पांढरी जपानी गाडी! चारही चाकांना ताकद जाणारी. कुठल्याशा शहरात पुरात बुडालेली, सीटांना शेवाळ, दारातून वाळू गळतेय. तू मात्र तिला सून घरात घ्यावी तशी आत घेतलीस. इंजिन बंद असताना बुडाली होती, म्हणून आतून वाचली होती. मी म्हणालो, साधी गाडी घ्यायची होती, हे चार चाकांचं लचांड कशाला? तर तू मला हाताला धरून गाडीखाली नेलंस आणि दाखवलंस. हिच्या गिअरबॉक्समध्येच पुढच्या चाकांचा सगळा संसार आहे, एकाच पेटीत. इंजिनासकट ही पेटी उचलायची आणि आपल्या पिंजऱ्यात डायव्हरच्या पाठीमागं मांडायची. पुढची चाकं ओढणारी पेटी आता मागची चाकं ढकलणार. बिऱ्हाड तेच, घर दुसरं. मला पटलं. इतकं पटलं की मी तोंड वाकडं करून म्हणालो, "बघू."

राहिलं शेपूट. त्या पेटीच्या मागच्या टोकाला एक दांडा जोडलेला होता. तो जुन्या गाडीत मागच्या चाकांपर्यंत जायचा. आपल्या गाडीत तो नकोच होता. तू तो काढून टाकलास आणि गाडीचं नाव ठेवलंस लांडी. आपल्याकडं शेपूट कापलेली मेंढी असते ना, तशी.

दांडा काढला, झाकण लावलं, झालं काम, असं मला वाटलं. तू मान हलवलीस.

"अण्णा, मेंढरं जाळीतून कुठून पळत्यात?"

"जिथं जाळी ढिली, तिथून."

"बाकी तीन बाजू किती का मजबूत असंनात?"

"हां."

"ताकदीचंबी तसंच हाय. ह्या पेटीत मधी एक वाटप्या बसलाय. इंजिनाची ताकद पुढं थोडी, मागं थोडी वाटून देतो. पर त्याला डोळे न्हाईत. एका अंगाला चाकं, जमिनीवर टेकलेली, जड. दुसऱ्या अंगाला आता कायच न्हाई, मोकळं. मंग सगळी ताकद कुठं जाईल?"

"मोकळ्या अंगाला."

"आन गाडी?"

"जागच्या जागी."

"कळालं की तुमाला! उगं सातवी सातवी करताव."

म्हणजे त्या वाटप्याला काढून त्याच्या जागी भरीव गट्टू बसवायचा, की वाटपच बंद. सगळी ताकद चाकांना. मी म्हणालो, गट्टू कशाला, वेल्डिंगचे चार टाके मार त्याला, खतम. तर तू कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस, थेट तुझ्या आईसारखी. "ते कडक केलेलं पोलाद हाय अण्णा. आग लागली की कडकपणा गेला. एक दात तुटला तर अख्खी पेटी चावून खाईल."

"तीस वर्षं टाके मारायलोय मी."

"तीस वर्षं बैलगाडीचे आन ट्रॉलीचे मारलाव."

त्या दिवशी आपण जेवताना बोललो नाही. भाकरीसुद्धा तुझी आई मधे बसून इकडून तिकडं देत होती.

दुसऱ्या दिवशी तू गट्टूचं चित्र काढून आणलंस. चौकोनी कागद, बारीक आकडे, कडेनं बाण. म्हणालीस, "गफारभाईला द्या. तुमी सांगितलं की ते लवकर करत्यात." गफारभाईचा लेथ म्हणजे आपल्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. सत्तरीचा माणूस, पण लोखंडाला हजामतीसारखा हलका हात. मी कागद घेतला, घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

आता ऐक, गोदे. हे मी अजून तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तो कागद मी दिला नाही.

तीन आठवडे माझ्या खिशात होता. तू विचारलंस, मी म्हणालो लेथचा पट्टा तुटलाय. परत विचारलंस, म्हणालो पोलाद आलं नाही. माणसं म्हणाली असती, कामाच्या गडबडीत विसरला असेल. विसरलो असतो तर एकदा तरी तो कागद शर्टाबरोबर धुतला गेला असता, नाही का? रोज शर्ट बदलताना मी तो काढत होतो आणि नव्या खिशात ठेवत होतो. देवाच्या टाकासारखा जपत होतो.

कारण तू सांगून ठेवलं होतंस, "लांडी चालली की मी निघाले." पुण्याची नोकरी. त्यांचं बोलावणं आलं होतं. तारीख तूच पुढं ढकलत होतीस, लांडीसाठी.

आमच्या मेंढरातली एक चाल आहे. मेंढी चरायला लांब जाऊ नये असं वाटलं, की तिचं कोकरू बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायचं. मेंढीला बांधावं लागत नाही, मारावं लागत नाही. ती आपली घोटाळत राहते, जवळपासच. आणि राखणाऱ्याला वाटतं, किती मायाळू जनावर आहे! ही चाल मी आज्याकडून शिकलो आणि पोटच्या पोरीवर वापरली. वर स्वतःला शाबासकी दिली, की काय हुशार माणूस आहेस तू!

नवरात्र संपता संपता तुला ताप आला. पहिले दोन दिवस तू कुणाला सांगितलंच नाहीस. मग रक्त तपासलं, मग परभणीचा दवाखाना, मग नांदेडचा. पाचव्या दिवशी पहाटे मी तुझ्या खाटेशी बसलो होतो. डॉक्टर चांगले होते, काहीतरी समजावून सांगत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, तुझ्या श्वासाशिवाय. तो श्वास ऐकला आणि मला कळलं. जन्मात पहिल्यांदा वाटलं, हे कान कुणीतरी कापून न्यावेत. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की माझं निदान चुकत नाही. त्या दिवशी चुकलं असतं तर काय बिघडलं असतं?

गंगाखेडला तू जन्मलीस म्हणून तुझं नाव गोदावरी. तुला ते आवडायचं नाही, म्हातारीचं नाव वाटायचं. त्याच घाटावर तुला घेऊन गेलो. जास्त लिहीत नाही.

पुढचे कितीतरी महिने लांडीवर ताडपत्री होती. मी तिकडं पाठ करून काम करायचो, आणि पाठीला ते टक-टक ऐकू यायचं. होळीनंतर तुझी आई डबा घेऊन आली, ताडपत्रीकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ही अशीच ठिवनार हाव का? तिनं कधी अर्धं काम सोडलं व्हतं का?"

म्हणून मी लागलो. चाकं बसवली, ब्रेक ओढले, वायरिंग पुरं केलं. तुझ्या वहीत सगळं होतंच. फक्त मागच्या झाकणाला हात लावला नाही. झाकण बंद होतं. तूच लावलं होतंस, ताप यायच्या आधी, काळं सिलिकॉन भरून. कडेला सिलिकॉन जरासं बाहेर आलंय आणि तिथं, डावीकडच्या वरच्या बोल्टाखाली, तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे. रेषा न् रेषा. कातडीवरचा तो बारीक कापल्याचा व्रणसुद्धा उमटलाय, जो तुला पत्र्यानं झाला होता.

तूच सांग, कसा हात लावू त्याला?

मग मी स्वतःला एक गोष्ट सांगितली. म्हटलं, पोरगी वाट बघून कंटाळली असणार, शेवटी बापाचं ऐकून वेल्डिंगचे टाके मारले असणार आणि झाकण बंद केलं असणार. मनात चक्क बरं वाटलं, की अखेर माझं ऐकलं! बघ, तेव्हाही मला जिंकायचंच होतं.

मागच्या आठवड्यात टेम्पोत घालून लांडी मानवतला नेली. ज्या जिनिंगची मशिनं मी बघतो त्यांचं आवार आता मोकळं असतं, हंगाम संपलाय, कोपऱ्यात तेवढी सरकी सांडलेली. तुझी आई नारळ घेऊन आली. मुकादम आला, चार हमाल आले. मी तुझ्या सीटवर बसलो. पोट स्टिअरिंगला लागत होतं, तुझ्या मापाची सीट ती! चावी फिरवली. इंजिन काय लागलं गं! एका दमात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला गिअर टाकला. क्लच सोडला.

लांडी हलली नाही.

ॲक्सिलेटर दिला. इंजिन ओरडलं. लांडी जागची हलली नाही. आणि माझ्या पाठीमागं, शेपटाच्या टोकाला, काहीतरी मोकळंच गरगर फिरत होतं. त्याचा बारीक, लांबट आवाज येत होता, जाळीतून एकामागं एक मेंढरं निघून चालल्यासारखा. मला त्या क्षणी कळलं. आत टाके नव्हते, गट्टू नव्हता. वाटप्या तसाच बसलेला होता, डोळे नसलेला. आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर तो नसलेल्या चाकांना वाटत होता.

मुकादम म्हणाला, "काय झालं वो अण्णा? तुमचे कान काय म्हणायलेत?"

मी म्हणालो, "क्लच प्लेट."

गोदे, इतक्या वर्षांत मी निदान करताना कुणाशी खोटं बोललो नव्हतो. गिऱ्हाईकाशी नाही, दुश्मनाशी नाही. त्या दिवशी नारळ हातात धरून उभ्या असलेल्या तुझ्या आईसमोर बोललो.

तिला काय फसवणार? घरी आल्यावर पाण्याचा तांब्या देताना म्हणाली, "क्लच प्लेट न्हाई ना?"

मी तिला वाटप्याचं सांगितलं. जसं तू मला सांगितलंस तसंच, मेंढरं आणि जाळी लावून. कागदाचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी इंजिन चालू हाय, आवाज लई हाय, आन सगळा जोर जे न्हाईच तिकडं चाललाय."

"हां."

"मंग आपल्या घरात काय येगळं चाललंय?"



शेवटी काल गेलो गफारभाईकडं. खिशात तो कागद. घड्यांवर फाटायला आलाय आता. वाटेत ठरवलं होतं, त्यांना सांगायचं की तुमच्या नावानं पोरीशी खोटं बोललो, तुमचा लेथ कधी बिघडलाच नव्हता.

ते मशीनशी उभे होते. मी कागद पुढं केला. त्यांनी तो उघडलाच नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बैठो अण्णा," म्हणाले. मग स्टुलावर चढून फळीवरचा बिस्किटाचा जुना डबा काढला. आत तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्या हातात ठेवलं. जड होतं. फडकं उघडलं तर गट्टू. आरशासारखा.

मी म्हणालो, "हे कधी?"

"तुझी बेटी आली व्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसरा कागद काढून. हाताला हात लागला तर चटका बसला मला. मी बोललो, बेटी, बुखार हाय, घर जा. तर म्हणते, चाचा, आधी मापं समजून घ्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शर्त घातली ना तिनं. म्हणाली, चाचा, करून ठेवा, पण मला देऊ नका. अण्णा आपल्या हातानं कागद घेऊन येतील, तवाच द्या. मी बोललो, आन न्हाईच आला तर? तर हसली. म्हणाली, येतील. त्यांचा खिसा मला रोज दिसायलाय."

गोदे!

पांढऱ्या शर्टाच्या खिशातून निळ्या शाईचे बाण दिसत होते. मला कसं कळलं नाही? तू रोज बघत होतीस. रोज विचारत होतीस "गट्टूचं काय झालं?", आणि मी लेथचा पट्टा तोडत होतो, पोलाद अडवत होतो, आणि तू "बरं अण्णा" म्हणत होतीस. ते "बरं अण्णा" मला साधं वाटलं. ज्याला मेंढीच्या घंटीतून कफ ऐकू येतो त्याला त्या "बरं"मध्ये काहीच ऐकू आलं नाही?

भांडली का नाहीस? वेल्डिंगवरून भांडलीस तशी? खिशात हात घालून कागद ओढून का नाही काढलास? तुला येत होतं की भांडायला! राग आला मला तुझा, काल, तिथं, त्या लोखंडाच्या चुऱ्यात उभा असताना. बापाला लाजायची संधी ठेवून गेलीस. माफी मागायची मात्र ठेवली नाहीस.

गफारभाई म्हणाले, "मातमपुर्सीला, तुमच्या दुखवट्याला, आलो व्हतो तवा थैलीत आणला व्हता. तुझ्या तोंडाकडं बघून वापस नेला. अमानत व्हती, अण्णा. कागद आल्याबिगर कशी देणार?"

लेथच्या पट्ट्याचं मी सांगितलंच. ते म्हणाले, "मालूम हाय. तिनंच सांगितलं. लई हसलो आमी दोघं."

म्हणजे तापानं फणफणलेली तू त्या स्टुलावर बसून माझ्यावर हसत होतीस. हे ऐकून मला किती बरं वाटलं, कसं सांगू?

गट्टू घेऊन परत आलो आणि झाकणासमोर बसलो. कान नाही लावला, या वेळी नुसतं बघितलं. माझ्या कानांचा मला इतका गर्व, की डोळे मी वापरलेच नव्हते. लांडीच्या अंगावर जागोजाग तुझे पिवळे ठिपके आहेत. इंजिनाच्या पायांवर आहेत, ॲक्सलवर आहेत, पिंजऱ्याच्या सांध्यांवर आहेत. मागच्या झाकणाला आठ बोल्ट. आठांपैकी एकावरही ठिपका नाही.

तू ते पक्कं केलंच नव्हतंस. पावसाळी दमट हवा पेटीत जाऊ नये म्हणून तात्पुरतं बंद केलं होतंस. गट्टू आला की परत उघडायचं, हे तुला माहीत होतं. ज्या ठशाला हात लावायला मी इतके दिवस भितोय, तो तू खरवडून टाकण्यासाठीच ठेवला होतास. आणि ज्या आठ बोल्टांवर तुझा पाना वाजायचा राहिलाय, तिथूनच मला रोज टक-टक ऐकू येतंय. यातलं काय खरं मानायचं ते मी ठरवू शकत नाही. गफारभाईलाही विचारलं नाही. काही आवाजांचं निदान करू नये.

पण एक खरं सांगू? झाकण उघडायची भीती मला ठशापायी नाही वाटत. काम पुरं झालं तर तो आवाज बंद होईल, याची वाटते. लांडी चालली की तू निघणार, असं ठरलं होतं आपलं. मी अजून तुला डालग्याखाली झाकून बसलोय, पोरी. कागद खिशात होता तेव्हाही, आता झाकण बंद आहे तेव्हाही. डालगं बदललं, चाल तीच.

तर ऐक, उद्याचं सांगतो.

उद्या सकाळी तुझ्या आईला घेऊन येणार आहे. आधी तिला कागदाचं सांगणार, सगळं, शर्ट बदलण्यासकट. तिला काय बोलायचं ते बोलू दे. मग आठही बोल्ट काढणार. जुनं सिलिकॉन तुझ्या रीतीनं खरवडणार, ठशासकट, तसूभर ठेवणार नाही, नाहीतर ऑइल गळतं आणि तू म्हणायचीस, "हे कुणी केलंय? आंधळ्यानं?" त्या वाटप्याला बाहेर काढणार, गट्टू बसवणार. वेल्डिंग मशीनचा प्लग आजच काढून ठेवलाय, हात शिवशिवायला नकोत. नवं सिलिकॉन भरून झाकण लावणार. कडेचं बाहेर आलेलं पुसून घेणार. माझा अंगठा तिथं नको.

मग मानवतला जायचं. नारळ तोच आहे, तुझ्या आईनं फोडला नाही, घरी परत आणलाय. गाडी तीच चालवणार म्हणते! मी विचारलं, "येती का तुला?" म्हणाली, "पोरीनं शिकवलीय. तुमाला सांगू नको म्हणली व्हती." तुम्हा दोघींचं अजून किती काय काय माझ्या माघारी शिजलंय, ते हळूहळू कळेलच.

आणि शब्द देतो तो हा. प्रत्येक बोल्ट आवळला की तुझ्या पान्यानं दोनदा वाजवीन. मग पिवळा ठिपका. आठ बोल्ट, आठ वेळा. इतके महिने तू वाजवलंस आणि मी ऐकलं. उद्या मी वाजवतो, तू ऐक.

आठवा झाला की थांबू नकोस, गोदे. डालगं उचललंय मी. नीघ.

खिसा रिकामा केलेला,
तुझा
अण्णा